पुण्याहून नागपूर किती लांब?

पुणे ते नागपूर अंतर किती, हे तीन ठिकाणी विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा असा वळसा घालून जाणारी रेल्वे जवळपास ८९० किलोमीटर सांगते. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर करून समृद्धी महामार्गाला लागणारा ट्रॅव्हल्सचा चालक सातशेच्या वरचा एखादा आकडा सांगतो. आणि लोहगावच्या विमानतळापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत मोजलं तर भरतात साधारण ६०५ किलोमीटर.

शेवटचा आकडा ऐकून कुणालाही तोंडी हिशेब करावासा वाटेल. एअरबस ए-३२० जातीचं विमान उंचावर गेलं की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. म्हणजे ६०५ किलोमीटरला ४४ मिनिटं. पाऊण तासही नाही. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तासाचा प्रवास छापलेला असतो. मग वरचा अर्धा-पाऊण तास जातो कुठे? विमान कंपनी वेळ फुगवून सांगते, असा संशय पुष्कळांना येतो. तो थोडासा खरा आहे. पण मोठा वाटा दुसरीकडेच आहे.

६०५ हा आकडा कुठून आला

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो. धावपट्ट्यांच्या मांडणीचा हा साधारण मध्य. त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे नोंदलेले असतात आणि दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे या दोन बिंदूंमधलं अंतर. पुण्याचा बिंदू १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व. नागपूरचा २१.०९ अंश उत्तर, ७९.०५ अंश पूर्व. एवढ्यावर घरच्या घरी गणित करता येतं.

उत्तर-दक्षिण जाताना अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हा आकडा पृथ्वीवर कुठेही फारसा बदलत नाही. रेखांशाचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत तिथे मिळतात. त्यामुळे पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे किती किलोमीटर, हे आपण कुठल्या अक्षांशावर उभे आहोत त्यावर ठरतं. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरच असतो. पुणे-नागपूरच्या मधोमध, म्हणजे सुमारे २० अंशांवर, तो एकशे साडेचार किलोमीटरपर्यंत आकसतो. १११ ला त्या अक्षांशाच्या कोज्येने गुणलं की हा आकडा मिळतो.

आता पुण्याहून नागपूर २.५१ अंश उत्तरेला आहे, म्हणजे २७९ किलोमीटर. पूर्वेला ५.१३ अंश, म्हणजे ५३६ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू. दोघींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. ६०४ किलोमीटर आणि वर थोडे मीटर येतात. गोलावरचं पक्कं सूत्र वापरलं तरी हाच आकडा मिळतो. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, हे लक्षात घेऊन काटेकोर मोजणी केली, तर एवढ्या अंतरात फार तर दोन-तीन किलोमीटरचा फरक पडेल. शाळेतल्या भूमितीचा इतका चोख उपयोग क्वचितच होत असेल.

अक्षांशाच्या एका अंशात किती अंतर भरतं, हे आपण आज सहज म्हणून जातो. पण भारताच्या भूमीवर ते साखळ्या आणि कोन मोजणारं थिओडोलाइट घेऊन मोजलं गेलं, आणि ते मोजणारा माणूस याच वाटेच्या जवळ पुरलेला आहे. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. ७८ अंश रेखांशाच्या आसपासने त्रिकोणामागून त्रिकोण जोडत त्याची माणसं दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे सरकत राहिली. वीस वर्षं हे काम चाललं. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जात असताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेलं आणि शिखराला नाव मिळालं ते त्याचं. हिंगणघाटच्या थडग्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. ज्या मोजणीच्या जिवावर आपण आज दोन विमानतळांमधलं अंतर काढतो, तिच्या इतिहासात लॅम्ब्टनची जागा एव्हरेस्टच्या वरची आहे, असं मला वाटतं.

आता ही ६०५ किलोमीटरची रेषा जमिनीवर टाकून बघू. लोहगावहून निघून ती अहिल्यानगरच्या थोडी दक्षिणेने जाते. पैठणच्या खालच्या बाजूला गोदावरी ओलांडते. जालना डावीकडे दूर राहतं. बरोबर निम्म्या वाटेवर, रेषेच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर, लोणारचं सरोवर आहे. पुढे ती जवळजवळ वाशिमवरून जाते आणि यवतमाळ, वर्धा ही दोन्ही उजव्या हाताला ठेवून नागपूरला पोचते. म्हणजे विमान खरोखर या रेषेवरून गेलं आणि आभाळ निरभ्र असलं, तर जाताना डाव्या खिडकीतून उल्केने खोदलेलं ते जवळपास दोन किलोमीटर व्यासाचं वर्तुळ दिसायला हरकत नाही.

विमानप्रवासावरच्या लेखनात ‘महावृत्त’ हटकून येतं. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट महावृत्तावरून जाते आणि सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, हे खरंच आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान इतकं उत्तरेला का चढतं, याचं उत्तर त्यात आहे. पण पुणे-नागपूरसाठी या ज्ञानाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. होकायंत्राची दिशा न बदलता सरळ गेलेली वाट आणि महावृत्ताची वाट यांच्या लांबीत इथे फरक पडतो तो पंचवीसेक मीटरचा. मधोमध दोन्ही वाटा एकमेकींपासून जेमतेम सव्वादोन किलोमीटरवर असतात. पृथ्वीच्या गोलाईने या प्रवासात एक सेकंदही वाढत नाही म्हटलं तरी चालेल. वेळ शोधायचा तो दुसरीकडे.

विमान सरळ जात नाही

वैमानिक किलोमीटर वापरत नाही. त्याचं अंतर नॉटिकल मैलात असतं. अक्षांशाच्या एका मिनिटाएवढी लांबी म्हणजे एक नॉटिकल मैल; १९२९ पासून तो १,८५२ मीटर असा पक्का ठरला आहे. त्या हिशेबाने पुणे-नागपूर सुमारे ३२६ नॉटिकल मैल. पण वैमानिकाच्या हाती जो उड्डाण-आराखडा असतो, त्यात याहून मोठा आकडा असतो, कारण आकाशातही रस्ते आहेत.

हे रस्ते नावं दिलेल्या बिंदूंनी आखलेले असतात. विमान एका बिंदूवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातं, आणि ते बिंदू काही प्रत्येक जोडीच्या शहरांसाठी नेमके सरळ रेषेत ठेवलेले नसतात. रस्त्यांना मजलेही आहेत. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम आकड्यांच्या उंचीवर जातात, म्हणजे ३३ हजार फूट, ३५ हजार फूट. पश्चिमेकडे येणारी सम आकड्यांवर, ३४ हजार किंवा ३६ हजार फूट. त्यामुळे पुण्याहून नागपूरला जाणारं आणि नागपूरहून पुण्याला येणारं विमान एकाच वाटेवर समोरासमोर आलं तरी त्यांच्यात हजार फुटांचं अंतर राहतं.

खरा वळसा मात्र दोन्ही टोकांना पडतो. पुण्याहून नागपूरची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ६२-६३ अंशांवर येते, म्हणजे ईशान्येच्या जरा पूर्वेला. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिमच्या जवळ आहे: एका बाजूने १०० अंश, दुसऱ्या बाजूने २८०. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. वारा पश्चिमेचा असेल तर नागपूरला जायचं असूनही विमान आधी मुंबईच्या दिशेने उडतं आणि मग १४० अंशांच्या आसपास वळण घेऊन मागे फिरतं. त्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानांना तिथली धावपट्टी आणि आजूबाजूचं आकाश लढाऊ विमानांबरोबर वाटून घ्यावं लागतं.

नागपूरची धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे, १४० आणि ३२० अंशांची. पुण्याहून येणारं विमान नैर्ऋत्येकडून येतं, म्हणजे धावपट्टीला जवळजवळ काटकोनात. वायव्येकडे तोंड करून उतरायचं असेल तर त्याला शहराच्या दक्षिणेने पुढे जाऊन डावीकडे वळावं लागतं, आणि धावपट्टीशी सरळ रेषेत येण्यासाठी आधी काही किलोमीटर सोडावे लागतात. दोन्ही टोकांची वळणं धरली तर वीस-पंचवीस किलोमीटर सहज वाढतात. समोर दुसरं विमान उतरत असेल तर आणखी.

हा वळसा इतका नेहमीचा आहे की आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, प्रदूषणाचा हिशेब करताना तो गृहीतच धरला आहे. ५५० किलोमीटरच्या आतल्या उड्डाणाला सरळ अंतरात ५० किलोमीटर मिळवायचे, ५५० ते ५,५०० किलोमीटरला १००, आणि त्यापुढे १२५. या नियमाने पुणे-नागपूरचे ६०५ चे ७०५ होतात. मोटारीचा रस्ता सातशेच्या थोडाच वर! सरासरीसाठी केलेला नियम एखाद्या मार्गाला तंतोतंत लागू पडतो असं नाही, पण लहान प्रवासात वळशाचा वाटा किती मोठा असू शकतो हे त्यातून कळतं. शंभर किलोमीटर मुंबई-लंडनच्या प्रवासात दिसतही नाहीत.

चढ, उतार आणि मधला पाव तास

समजा टोकांचे वळसे धरून विमान ६२५ किलोमीटर उडतं. यातले किती किलोमीटर ते त्या ताशी ८३० च्या वेगाने जातं?

३५ हजार फुटांपर्यंत चढायला ए-३२० ला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते दोनशे किलोमीटरच्या आसपास पुढे सरकलेलं असतं. चढताना वेग कमी असतो. त्यातही दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटच्या वर वेग न्यायचा नसतो, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. हा नियम उतरतानाही लागू असतो. उतरण्याचं वैमानिकांचं एक सोपं गणित आहे: हजार फूट खाली यायला तीन नॉटिकल मैल. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंच आहे. म्हणजे ३५ हजारांवरून ३४ हजार फूट खाली यायचं, त्याला १०२ नॉटिकल मैल, १८९ किलोमीटर. वेग कमी करायला आणखी वीसेक किलोमीटर ठेवले तर दोनशेच्या वर.

म्हणजे चढायला दोनशे, उतरायला दोनशे दहा, आणि मधे सपाट उड्डाणाला उरतात दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. पंधरा-सोळा मिनिटं. याच पाव तासात हवाई सुंदरी पाण्याच्या बाटल्या आणि सँडविच वाटून रिकाम्या खोक्यांची पिशवी घेऊन परत फिरतात. त्यांची धावपळ होते ती या भूमितीमुळे.

हा हिशेब जुळवला तर चढायला वीस मिनिटं, सपाट पंधरा, उतरायला आणि धावपट्टीशी जुळवून घ्यायला पंचवीस. एकूण तासभर. सुरुवातीला आपण काढलेली ४४ मिनिटं इथेच तासाची झाली, आणि कुणीही कुणाला फसवलेलं नाही.

यातून एक गंमत निघते. उद्या कुणी दुप्पट वेगाचं विमान आणलं आणि तेही सपाट उड्डाणातच दुप्पट वेगाने गेलं, तर पुणे-नागपूर प्रवासात वाचतील ती सात-आठ मिनिटं. याच कारणाने छोट्या मार्गांवर पंख्याची एटीआर विमानं टिकून आहेत. एटीआर-७२ चा वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास, जेटच्या पाऊणपटीहूनही कमी. पण ते जेटइतकं उंच चढतच नाही, त्यामुळे चढ-उताराचा खर्च कमी, इंधन कमी, आणि आखूड धावपट्टीही चालते. नांदेड-हैदराबाद सरळ अंतर २४७ किलोमीटर. एवढ्या मार्गावर जेट आणि एटीआर यांच्यात फरक पडेल तो सात-आठ मिनिटांचा. त्यासाठी जास्त इंधन जाळायला कोण तयार होईल?

अंतर आणखी कमी करत गेलं की काय होतं, याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं हवाई अंतर पावणेतीन किलोमीटरही नाही. १९६७ पासून लोगनएअर ही कंपनी तिथे छोटी आयलँडर विमानं उडवते. वेळापत्रकात दोन मिनिटं असतात आणि वारा अनुकूल असताना हा प्रवास ५३ सेकंदांत झाल्याचा विक्रम आहे. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे. म्हणजे जगातलं हे सर्वांत छोटं नियमित उड्डाण सोनेगावच्या धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतसुद्धा पोचणार नाही. तिथे सपाट उड्डाण नावाचा भागच नाही. विमान उडतं आणि उतरू लागतं.

वारा

जमिनीवरचा वारा धावपट्टीची बाजू ठरवतो. ३५ हजार फुटांवरचा वारा वेगळा. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. पावसाळ्यात चित्र उलटं होतं. भारताच्या दक्षिण भागावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक वेगवान झोत तयार होतो. या उष्णकटिबंधीय पूर्व झोतवाऱ्याचं सविस्तर वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडलं. झोताचा गाभा प्रवासी विमानांच्या वर असला तरी त्याच्या खालच्या थरांतला पूर्वेचा वारा विमानांना लागतो.

त्यामुळे हिवाळ्यात पुण्याहून नागपूरला जाणाऱ्याला वारा मागून मिळतो आणि परतताना समोरून. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या उलट. किती फरक पडतो? ताशी ६० किलोमीटरचा वारा धरला, तर जाण्या-येण्याच्या वेळात पाच-सहा मिनिटांचा. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या प्रवासात हाच वारा तासाच्या वर फरक पाडू शकतो, इथे मात्र तो वेळापत्रकात दिसतही नाही.

वाऱ्याचं एक गणित मात्र सांगण्यासारखं आहे. जाताना मिळालेला वारा येताना तेवढाच लागतो, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो असं वाटतं. सुटत नाही. अंतर ६०० किलोमीटर, विमानाचा वेग ८००. वारा नसेल तर जाणं-येणं मिळून ९० मिनिटं. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जाताना वेग ९००, वेळ ४० मिनिटं. येताना वेग ७००, वेळ ५१ मिनिटं आणि थोडे सेकंद. बेरीज ९१ मिनिटांच्या वर. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा नेहमीच नफ्यापेक्षा मोठा. वारा कुठल्याही दिशेचा असो, परतीच्या तिकिटावर तो कायम तोट्यातच घालतो.

चौघांची गाठ

अंतरं, वेग आणि वेळापत्रक यांची सांगड नागपूरमध्ये एकदा फार सुंदर घातली गेली होती. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सगळी पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आज दिल्लीत टाकलेलं पत्र उद्या मद्रासला.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून ते निवडलं, हे सगळे सांगतात. पण आजचे विमानतळ धरून मोजलं तर मुंबई ६८३ किलोमीटर, दिल्ली ८५४, चेन्नई ९०८, कोलकाता ९८५ किलोमीटरवर. ‘मध्य’ इतका वाकडा. सुरुवातीच्या डकोटा विमानांचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुंबईचं विमान अडीच तासांत यायचं आणि कलकत्त्याचं साडेतीन तासांत. चौघांनी एका वेळी भेटायचं तर निघण्याच्या वेळा वेगवेगळ्या हव्यात. उड्डाणाचा वेळ नेमका किती धरायचा, याला त्या काळी आजच्यापेक्षा जास्त किंमत होती. एकाचं विमान अडकलं की चारही शहरांच्या थैल्या अडकायच्या.

त्याआधी सोळा वर्षं, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले होते ते एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते नेव्हिल व्हिन्सेंटने नेलं. त्या विमानांना आजच्यासारखी उंची नव्हती. चढ-उतार किरकोळ, त्यामुळे अंतराला वेगाने भागलं की वेळ निघायचा. आपण मघाशी केलेला भोळा भागाकार १९३२ मध्ये बराचसा बरोबर ठरला असता.

वेळापत्रकातला वेळ

आकाशातला तास सापडला. तिकिटावरचा उरलेला पाव ते अर्धा तास जमिनीवरचा आहे.

विमान कंपन्या जो वेळ छापतात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाच्या चाकांना लावलेल्या अडण्या काढून ते जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी चाकांना पुन्हा अडण्या लागल्या की बंद. म्हणजे ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणं, इंजिनं सुरू होणं, धावपट्टीपर्यंत रांगेने जाणं, परवानगीची वाट पाहणं, उतरल्यावर पुन्हा जागेवर येणं, हे सगळं त्यात मोजलं जातं. पुण्याला दहा-पंधरा मिनिटं, नागपूरला पाचेक. यात भर पडते ती कंपनीने राखून ठेवलेल्या मिनिटांची. उड्डाण वेळेवर झालं की नाही हे ठरवताना पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ असतो. वेळापत्रकातच दहा मिनिटं जास्त धरली तर ही परीक्षा आणखी सोपी होते. ‘आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो आहोत’ अशी अभिमानाची घोषणा ऐकली की ही राखीव मिनिटं शिल्लक राहिली एवढाच तिचा अर्थ.

मध्यंतरी मुंबई-पुणे विमानं उडत होती. सरळ अंतर १२४ किलोमीटर, आणि वेळापत्रकातला वेळ साधारण तासाभराचा. पुणे-नागपूर त्याच्या जवळजवळ पाचपट, पण वेळ दुप्पटसुद्धा नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत आणि रांग लांबते. छोट्या मार्गावर वेळ ठरतो तो दोन्ही टोकांच्या विमानतळांवर. मधलं अंतर त्यात दुय्यम आहे.

सरकारी नियमांत मात्र कधी अंतर चालतं, कधी वेळ. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या उडान योजनेत भाड्याची मर्यादा अंतराच्या टप्प्यांवर बेतली गेली. सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे तासाभराच्या विमानप्रवासाला ठरावीक जागांसाठी २,५०० रुपये, असा तेव्हाचा गाजलेला आकडा होता. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेतली जी पहिली उड्डाणं निघाली, त्यांत शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबादबरोबर आपलं नांदेड-हैदराबादही होतं.

प्रवाशाच्या खिशाशी याचा संबंध येतो तो उड्डाण रद्द झाल्यावर. युरोपीय संघाचा २००४ चा नियम भरपाई अंतरावर ठरवतो, आणि ते अंतर महावृत्ताच्या पद्धतीनेच मोजायचं असं त्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम ब्लॉक टाइमवर चालतो. पुरेशी आधी कल्पना न देता, आणि वादळ किंवा संपासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसताना उड्डाण रद्द झालं, तर तासापर्यंतच्या मार्गाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या मार्गाला ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. परतावा किंवा दुसरं उड्डाण याव्यतिरिक्त ही रक्कम मागता येते. तेव्हा पुणे-नागपूर विमान रद्द झालं तर काउंटरवर ६०५ किलोमीटरचा हिशेब सांगू नका. तिकिटावर छापलेला सव्वा-दीड तास दाखवा आणि मधल्या गटातली भरपाई मागा.